दोनशे चौदावं उदाहरण

दोनशे तेराव्या उदाहरणापर्यंत कॉम्प्युटरने एकदाही कुरकुर केली नव्हती. ती उदाहरण टाइप करायची, तो दोन-चार सेकंद विचार केल्यासारखं करायचा आणि पुस्तकातलंच उत्तर हिरव्या चौकटीत आणून ठेवायचा. सकाळपासून हे असंच चाललं होतं, आणि तिला त्याची थोडी गंमतही वाटायला लागली होती. एवढं सगळं बरोबरच येणार असेल तर तपासायचं तरी कशाला, असं ती मनाशी म्हणालीसुद्धा. दोनशे चौदाला चौकट लाल झाली. खाली एकच ओळ होती : या संकलनाला (इंटिग्रलला) निश्चित किंमत नाही. आपलंच बोट कुठेतरी घसरलं असणार म्हणून तिने पुन्हा टाइप केलं, अक्षर न् अक्षर पुस्तकाशी ताडून. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा तिने कंसांत आणखी कंस घातले, बहिऱ्या माणसाला एकच गोष्ट मोठ्याने सांगावी तसे. लालच. गणिताची पुस्तकं छापणाऱ्या या कंपनीत ती बावीस वर्षं तपासनीस होती. छापण्याआधी प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघायचं, हे तिचं काम. डीटीपी करणारी मुलगी तिला पाठीमागे चाळणी म्हणायची, आणि ते कळल्यावर तिला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं होतं. तर या चाळणीतून दोनशे चौदावं उदाहरण एकदा नाही, तीनदा खाली उतरलं होतं. पहिली आवृत्ती, दुसरी, तिसरी; आता चौथी निघायची होती. तिन्हींच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, तपासणी अमुक. तो अमुक म्हणजे ती. आणि लेखक म्हणजे तिचे सासरे.

सासरे ती त्यांना मनातसुद्धा म्हणत नसे. सरच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या वर्गात बसली तेव्हाही सर, चोविसाव्या वर्षी त्यांच्याच मुलाशी लग्न करून त्यांच्या घरात आली तेव्हाही सर. नवरा चिडवायचा, अगं बाबा म्हण की, घरात हजेरी घेत नाहीत ते. पण घेत होते. ते तिला सत्तावीस म्हणायचे. सत्तावीस, चहा झाला का. सत्तावीस, माझा चष्मा बघितलास का. वर्गातला रोल नंबर होता तो तिचा, आणि माणसांची नावं त्यांच्या कधीच लक्षात राहत नसत, नंबर राहत. त्या वर्गाच्या उंच खिडक्या, फळ्याखाली साचलेली खडूची पूड, आणि सर दोन्ही हातांत दोन खडू घेऊन उभे. अवघड इंटिग्रल म्हणजे बंद दार नव्हे, ते सांगायचे, ते कुलूप लावलेलं दार आहे आणि किल्ली शेजाऱ्याकडे दिलेली आहे. शेजारी कोण ते शोधा. कधी उलट्या टोकाने बघायचं : शून्याकडून दोनकडे निघालात ना, आता दोनकडून शून्याकडे या, आणि दोन्ही प्रवासांची बेरीज करा, मधला सगळा चिखल आपोआप धुऊन निघतो. कधी घरात नसलेला पाहुणा आणून बसवायचा. गणितात नसलेलं एक अक्षर मुद्दाम घुसडायचं, त्याला जरासं हलवून बघायचं, त्याच्या हलण्याने सगळं कसं बदलतं ते मोजायचं, आणि काम झालं की पाहुण्याला नमस्कार करून वाटेला लावायचं. ही त्यांची सगळ्यांत आवडती युक्ती. मात्र एक, ते बोट वर करून म्हणायचे, त्या अक्षराची एक तरी किंमत अशी पाहिजे की जिथे उत्तर तुम्हांला आधीपासून माहीत आहे. एकच पुरे. पण ती नसेल तर केलेली सगळी मेहनत पाण्यात. आणि ज्या पोरांनी पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर बघून वरच्या पायऱ्या रचलेल्या असत, त्यांची वही ते न रागावता परत करायचे. उत्तर मागे बघून लिहिलंस, एवढंच म्हणायचे. ते कसं ओळखतात हे वर्गात कोणालाच कळलं नव्हतं. ती फार पुढे तपासनीस झाल्यावर तिला कळलं : खऱ्या उत्तराकडे जाणारा माणूस शेवटच्या दोन ओळींत घाई करत नाही.

दोनशे चौदा तिने पहिल्यांदा तिथेच बघितलं. अर्धा फळा भरेल एवढा अक्राळविक्राळ पसारा. पण दोन युक्त्या लावल्या की गळून जायचा आणि एक साधी गोष्ट उरायची. उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत, एक अधिक एक्स भागिले एक अधिक एक्सचा वर्ग. त्याचे सर दोन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्याचं उत्तर पाय, वर्तुळाच्या परिघातला तो ग्रीक पाय. दुसऱ्या तुकड्याचं चित्र काढायचे : डावीकडे रेषेच्या खाली खड्डा, उजवीकडे रेषेच्या वर टेकडी. दोन्ही अगदी एकमेकांच्या मापाची, एका हाताने काढावं आणि दुसऱ्याने तेच उलटं काढावं तशी, आणि सर खरोखरच दोन्ही हातांनी एकदम काढायचे. मग खडू टाकून द्यायचे, टेकडी ढकला खड्ड्यात, आणि टाळी वाजवायचे. फिट्टंफाट! वर्ग हसायचा. एकोणीस वर्षांची ती हसली नव्हती. तिला रडू आलं होतं, आनंदाने. एवढा मोठा पसारा एका टाळीत मिटतो आणि हातात फक्त पाय उरतो, यापेक्षा सुंदर काही असेल असं तिला त्या दिवशी वाटलं नव्हतं. त्याच दिवशी तिने आयुष्यभर हेच करायचं ठरवलं, आणि मग जे जमलं ते हे, दुसऱ्यांची गणितं तपासणं.

तिने पेन्सिल घेतली. कॉम्प्युटरशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गणित मांडून बघायला हवं होतं, आणि मांडायचंही फार नव्हतं, कॉलेजच्या पोरालाही दोन ओळींत जमेल एवढंच. उजवीकडची नुसती टेकडी. शून्यापासून निघून पुढे पुढे जायचं आणि किती माती जमते ते मोजायचं. लॉग आला. लॉग मुंगीच्या पावलाने चढतो, इतका हळू की बघणाऱ्याला वाटावं, आता थांबेल, मग थांबेल. पण तो थांबत नाही. टेकडीला अंत नव्हता. मग खड्ड्यालाही नव्हता. आणि ज्या दोन गोष्टींना अंत नाही त्यांची वजाबाकी करता येत नाही, हा तर पहिल्या महिन्यातला नियम, सरांनीच शिकवलेला. तिने डावीकडे एक पाऊल टाकताना उजवीकडे दोन टाकून बघितलं; उत्तर दोनच्या लॉगने वाढलं. तीन टाकली, तीनच्या लॉगने. दोघंही अगदी बरोबरीने, पावलाला पाऊल जुळवून चालली तरच शून्य, आणि ती तशी चालतील हे कोणी, कशाच्या आधारावर ठरवलं? कोणीच नाही. टाळी वाजवली आणि पुढे गेलो. तीस वर्षं. 

तिला नवरा आठवला. खरं म्हणजे आठवावा असं काही नव्हतं, पण तो शब्दच त्याच्या तोंडी शेवटचा होता. सहा वर्षांपूर्वी वकिलाच्या ऑफिसबाहेर, जिन्याच्या वळणावर, सह्या झाल्यावर तो म्हणाला होता, चला, फिट्टंफाट. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. बापाचा शब्द पोराने उचललेला. त्यात कडवटपणा नव्हता, उलट थोडी मायाच होती, आणि तिनेही मान डोलावली होती. तिला वाटलं होतं, बरोबरच आहे. त्यांना एक मुलगी झाली होती. ती एकोणीस दिवस जगली. त्या एकोणीस दिवसांबद्दल ती दोघं पुढे कधीच बोलली नाहीत, कारण प्रत्येकाने मनाशी धरलं होतं की जेवढं मला तेवढंच त्याला, जेवढं मला तेवढंच तिला; दोन्हीकडे सारखंच असेल तर बोलून काय मिळवायचं, आपोआप वजा होऊन जाईल. तो रात्रपाळ्या मागून घ्यायला लागला, ती घरी पुस्तकं आणून तपासायला लागली. त्याने दोन पावलं टाकली असतील तेव्हा हिचं एकही पडलं नसेल, किंवा उलट असेल, कोणी मोजलं? बारा वर्षं अशी गेली, मग तो दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या बाईकडे गेला, आणि कोणाचंच काही वजा झालं नव्हतं. आत्ता, लाल चौकटीसमोर बसून, तिला ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. तिच्या बाजूच्या खड्ड्याला तळ नव्हता. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण पलीकडे डीटीपीवाली डबा उघडून बसली होती. तिने पेन्सिलला टोक केलं.

नवरा गेला तेव्हा ती सरांजवळ राहिली. लोकांना नवल वाटलं. कोणी म्हणालं, घरासाठी राहिली; कोणी म्हणालं, म्हातारा तिच्या गळ्यात पडलाय. खरी गोष्ट अशी होती की जेवताना इंटिग्रलबद्दल बोलता येईल असं दुसरं माणूस तिला जगात माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरांनी गॅस चालू ठेवून दूध आणायला जाणं सुरू केलं. मग दूध आणायला जाऊन भलत्याच रस्त्याला उभं राहणं. डॉक्टरने त्यांना तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. सात सात त्यांनी उणे संख्यांपर्यंत नेलं, तारीख मात्र त्यांना आली नाही. बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "तारीख म्हणजे काय गं, ती रोजच बदलते. जी गोष्ट बदलते तिची परीक्षा कसली घेतो हा? माझी परीक्षा मी घेईन." आणि तेव्हापासून ते रोज सकाळी, डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणात उताणे पडून दोनशे चौदा म्हणायचे. सगळं, पहिल्या ओळीपासून. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताना तिला ते ऐकू यायचं. टाळी, फिट्टंफाट, उत्तर पाय. मग उशाशी ठेवलेलं पुस्तक उघडून एकशे एकतिसाव्या पानाशी ताडून बघायचं आणि हाक मारायची : "सत्तावीस, आहे गं आज मी!" ती म्हणायची, "बरोबर, सर," आणि चहा गाळायची. डोकं ठिकाणावर असण्याची एवढी एकच खूण त्यांना उरली होती, आणि ती त्यांना पुरत होती. मुलगा कुठे असतो हे ते विसरले, बायको कधी गेली हे विसरले; दोनशे चौदा विसरले नाहीत.

संपादक चांगला माणूस होता, फक्त त्याला पानं दिसायची, गणितं दिसायची नाहीत. तिने चूक दाखवली तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे इतकी वर्षं हे कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही."

"तुमच्याही?"

"माझ्याही."

"मॅडम, सरांचं नाव मोठं आहे. शुद्धिपत्र घालून चारचौघांत शोभा कशाला करायची? काढून टाका. त्याच्या जागी दुसरं उदाहरण घाला, तेवढ्याच ओळींचं. फक्त पान हलता कामा नये. एक ओळ वाढली तर पुढची सगळी पानं सरकतात, मागची सूची बोंबलते."

"सरांना विचारायला हवं."

"ते सांगू शकतील?" त्याने हळू आवाजात विचारलं, आणि तिने उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तर त्याने उदाहरण बदलायला होकार धरला. तिनेही तो तसाच धरू दिला. पुढे कितीतरी दिवस ती या एका जागेशी परत परत येऊन थांबणार होती.

नवं उदाहरण तिनेच रचलं. तिने आयुष्यात रचलेलं पहिलं उदाहरण. चार संध्याकाळी लागल्या. शून्यापासून दोनपर्यंत, वर-खाली असले भयंकर घात की पोराने पुस्तक मिटावं, पण उलट्या टोकाने बघितलं की दोन्ही मिळून पुरे एक होतात, आणि उत्तरही एक. अठरा ओळी, नेमक्या. सरांची भाषा उतरवायला तिला अजिबात कष्ट पडले नाहीत. ‘आता दुसऱ्या टोकाने या’ हे वाक्य लिहिताना तिला त्यांचा आवाजच ऐकू आला. तिने ते वीस वेळा तपासलं. कॉम्प्युटरने हिरवी चौकट दाखवली. खोटं कशाला सांगा, तिला फार आनंद झाला, इतका की आपण कोणाच्या जागेवर बसतो आहोत हे त्या चार दिवसांत तिच्या ध्यानातच आलं नाही. सरांचं नाव शाबूत राहिलं, पुस्तकातली चूक गेली, आणि आपलं एक गणित, नाव नसलेलं का होईना, छापून आलं. एका दगडात तीन पक्षी. सरांची उशाशी असायची ती प्रत तिनेच छपाईसाठी ऑफिसात नेलेली होती. पुस्तक कुठंय, ते रोज विचारायचे. छापायला गेलंय सर, ती रोज सांगायची. आणि ते त्या दिवसांत न ताडताच समाधान मानून घ्यायचे. जुनी प्रत परत आणू आणि उशाशी ठेवू, एवढा सरळ हिशेब तिने केला होता. ती प्रत आली तेव्हा बांधणी उसवलेली होती, आणि दोनशे चौदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती. रेघ तिच्याच हातची होती, आणि जुन्या आवृत्तीची दुसरी प्रत कंपनीतही उरली नव्हती.

नवी आवृत्ती तिने दुपारी घरी आणली तेव्हा सरांनी ती हुंगली, कव्हरावरून हात फिरवला, आणि उशाशी ठेवली. तिने ठरवलं, उद्या सकाळी सगळं समजावून सांगू. सकाळी ती उठायच्या आतच भिंतीपलीकडून सुरू झालं होतं. पहिली ओळ, दुसरी ओळ, पाहुणा आला, पाहुणा गेला, टाळी. फिट्टंफाट. मग पानांचा आवाज. मग काहीच नाही. ती आत गेली तेव्हा ते पलंगाच्या काठावर बसले होते, पुस्तक मांडीवर, आणि एक बोट दोनशे चौदा या आकड्यावर. आपण चुकीच्या मजल्यावर उतरलो की काय, असं तोंड करून ते तिच्याकडे बघत होते.

"सत्तावीस," ते म्हणाले, "हे दुसरंच आहे."

"सर, ऐका ना..."

"मी म्हटलं ते नाही हे. मला वाटलं मी बरोबर म्हणतोय. मला अगदी बरोबर वाटत होतं गं." त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे हेही गेलं."

दोन रस्ते होते. गप्प बसावं तर त्यांची आठवण गेली असं ते धरून चालणार. बोलावं तर आठवण शाबूत, पण गणित गेलं. चाळीस वर्षं ज्या गणितावर टाळी वाजवली ते खोटं होतं, आणि त्यांनी घडवलेल्या तपासनिसाने ते तीनदा खरं म्हणून सोडलं होतं. तिने सांगितलं. त्यांच्यापाशी खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. कागद घेतला, टेकडी मांडली, लॉग काढला. त्यांचा चेहरा बघता बघता जागा झाला. "अरे, हा वर जातोय की!" ते म्हणाले. "थांबत नाही! आणि मी गाढव दोन्ही हातांनी चित्रं काढत बसलो." ते हसले, खरोखर हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "म्हणजे मला जे आठवलं ते बरोबरच आठवलं?"

"अगदी शब्दन् शब्द, सर."

"मग झालं तर! गणित काय, चुकतं माणसाचं. दुरुस्त केलंस ना तू? शाबास." नवं उदाहरणही त्यांनी वाचलं, बोटाने एकेक ओळ धरून. "हे छान आहे. कोणाचं?" तिने सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यासाठी ती गेली तीस वर्षं थांबली होती असं तिला वाटलं. तो दिवस फार चांगला गेला. तेवढा एकच दिवस चांगला गेला.

दुसऱ्या सकाळी टाळी वाजली, पानांचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. "सत्तावीस, हे दुसरंच आहे." तोच पलंगाचा काठ, तेच बोट. काल दुपारचं सगळं रात्रीतून पुसलं गेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र जसंच्या तसं होतं. तिने पुन्हा कागद घेतला. या वेळी टेकडी त्यांच्या हळूहळू लक्षात आली आणि हसू आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." चौथ्या दिवशी त्यांनी कागद ऐकूनच घेतला नाही, भिंतीकडे तोंड केलं. पाचव्या दिवशी ते रडले, आवाज न करता, आणि बाह्यांनी डोळे पुसले. त्यांच्यासाठी प्रत्येक सकाळ पहिलीच होती, तिच्यासाठी नव्हती. तिने पुस्तक लपवलं तर ते घरभर शोधत फिरले, कपाटं उघडी टाकून, आणि शेवटी चपला न घालता जिन्यापर्यंत गेले. पुस्तक परत ठेवावं लागलं. आधणाचा आवाज येताना ती आता भिंतीला कान लावून उभी राहायची आणि मनात म्हणायची, आज विसरा. देवा, आज मधली एक ओळ तरी विसरू देत यांना, म्हणजे ताडून बघायची वेळच येणार नाही. ज्या माणसाने शिकवलं त्याचंच विसरणं मागण्यापर्यंत आपण आलो, याची तिला लाज वाटली. पण मागणं काही थांबलं नाही.

नवव्या दिवशी तिने ऑफिसात डीटीपीवालीला तिसऱ्या आवृत्तीची फाइल उघडायला सांगितली. "एकशे एकतीस पान. एकच प्रत काढ."

"पण ते चुकलेलं ना हो, मॅडम?"

"हो."

"मग?"

"मग काढ."

पान हलू नये म्हणून एवढी काळजी घेतलेली, त्यामुळे जुनं पान नव्या पुस्तकात अगदी चपखल बसलं. आदल्या पानाचा शेवट आणि पुढच्या पानाची सुरुवात, कुठे उणं नाही, कुठे दुणं नाही. तिने कडा कापली, नव्या पानावर जुनं चिकटवलं, आणि तिचं स्वतःचं उदाहरण त्याखाली झाकलं गेलं तेव्हा तिला काही वाटलं नाही. रात्रभर वजनाखाली पुस्तक दाबून ठेवलं. सकाळी टाळी वाजली. पानांचा आवाज. मग, किती दिवसांनी, "सत्तावीस, आहे गं आज मी!"

"बरोबर, सर," ती म्हणाली. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने चुकीच्या उत्तराला जाणूनबुजून बरोबर म्हटलं नव्हतं. ते फार सोपं निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी सोपं. ते पुन्हा नीट जेवायला लागले, खिडकीत उभं राहून खालच्या माणसांना नंबर द्यायला लागले. तिसऱ्या दिवशी तिने चहाबरोबर टोस्टही केले. असंच चालेल, तिला वाटलं, ते असेपर्यंत असंच चालवू. रोज एक खोटं, त्यात कोणाचं काय जातंय.

पाचव्या सकाळी ते पान उघडून जरा जास्त वेळ बसले. ती दारात आली. ते वाचत नव्हते. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पानाची कडा धरून ते ती चाचपत होते, मग शेजारचं पान, मग पुन्हा हे.

"कागद जाड लागतोय."

"नवीन आवृत्ती आहे ना, सर."

"हेच पान तेवढं?" त्यांनी शेवटच्या आधीच्या ओळीवर बोट ठेवलं, टेकडी आणि खड्ड्याच्या ओळीवर, आणि तिथे ते बराच वेळ राहू दिलं. ओठ हलत होते. काही तरी चढत होतं त्यांच्या आत, हळू, मुंगीच्या पावलाने, आणि ते थांबत नव्हतं. मग त्यांनी वर बघितलं. डोळे इतके स्वच्छ तिने दोन वर्षांत बघितले नव्हते. "हे बरोबर आहे?"

"बरोबर, सर," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

वही परत करताना बघायचे तसे ते तिच्याकडे बघत राहिले. राग नव्हता.

"सत्तावीस," ते म्हणाले, "उत्तर मागे बघून लिहिलंस." आणि पुस्तक मिटून त्यांनी उशाशी ठेवलं, नीट, कडेला कड लावून.

दुसऱ्या सकाळी तिने आधण ठेवलं. भिंतीपलीकडे शांत होतं. झोपले असतील. आधण उकळलं, तिने पूड टाकली, दूध टाकलं, आणि पलंग करकरल्याचा आवाज आला. म्हणजे जागे होते. ती थांबली. पहिली ओळ आली नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. चौथ्या सकाळी तिला राहवलं नाही. तिने भिंतीपाशी उभं राहून स्वतःच सुरुवात केली, मोठ्याने. पहिली ओळ, दुसरी, पाहुणा आला, पाहुणा गेला, पसारा गळाला. उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत, एक अधिक एक्स भागिले एक अधिक एक्सचा वर्ग. याचे दोन तुकडे करा. पहिल्याचा पाय. दुसरा, डावीकडे खड्डा, उजवीकडे टेकडी. इथे ती थांबली, त्यांच्यासाठी जागा सोडून. एवढ्यावर तर ते झोपेतही टाळी वाजवायचे.

टाळी वाजली नाही. पावलं वाजली, आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, अंगावर नीट घडी घातलेली शाल, केस हाताने सारखे केलेले, दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अदबीने. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे दिसत होतं.

"छान सांगता तुम्ही, बाई," ते म्हणाले. "मग पुढे काय होतं?"

तिने गॅस बंद केला आणि त्यांना बसायला खुर्ची पुढे ओढली.